अकरा कागद

आजच्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले डॉक्टरसाहेब. अनुदान खात्यातून एवढ्या लांबून आलेले मोठे साहेब. जिच्यासाठी आपण जमलो ती आपली खुर्चीताई. आणि समोर बसलेल्या माझ्या आयाबायांनो, बाप्यांनो, पोराबाळांनो, सगळ्यांना या किल्लीआजीचा नमस्कार.

एवढं नातीनं पाठ करून घेतलं. दोन दिवस लागले. पुढचं माझं मी बोलणार, त्याला कागद नाही. असता तरी मी कुठे वाचणार होते? शाळेत गेले दुसरीपर्यंत, तेही निम्मा वेळ धाकट्या भावाला कडेवर घेऊन. व्यासपीठ म्हणतात ते हेच ना? मग याची माझी दोन-अडीच वर्षांची ओळख, रोज पुसते मी हे. वर उभी आज पहिल्यांदाच राहिले. इथून तुम्ही सगळे फार गरीब दिसता. खाली असता तेव्हा नसता तसे.

आज मला आनंद झालाय आणि तो मी लपवत नाही. पहिल्या रांगेत बसलीय ती माझी नात. चौदा महिने झाले, नशेची ना गोळी, ना खोकल्याच्या औषधाची बाटली. दवाखान्यात मलमपट्टी करायला शिकते. सकाळी केस विंचरताना गाते. सूर कशाशी खातात ते तिला ठाऊक नाही, पण वर्षभर जी पोर भिंतीकडे तोंड करून पडून होती, तिचं बेसूर गाणंसुद्धा मला कानात साठवून ठेवावंसं वाटतं. अगं, मान खाली नको घालूस. खाली घालायची मान माझी आहे, ते येतंच आहे पुढे.

या नशामुक्ती केंद्रातलं ताईचं खरं पद काय, ते मला नीट उच्चारता येत नाही. पहिल्या महिन्यात इथे कुणी फिरकेना, तेव्हा हिनं घडीची खुर्ची उचलली आणि गल्लीत, बंद पडलेल्या छापखान्याच्या पायरीपाशी जाऊन बसली. उन्हात. पोरं हसायची, खुर्चीताई आली म्हणायची. हसता हसता एकेक बसायला लागलं. ज्यांच्याशी आपण घरात ओरडण्यापलीकडे बोललो नव्हतो, ती पोरं हिच्याशी तासतासभर काय बोलत असतील?

आता अनुदानाचं. साहेब, चुकलं तर सांगा. सरकारची अट अशी होती की सुरुवातीला प्रत्येक पोरानं एक कागद भरायचा आणि दोन वर्षांनी पुन्हा तोच. दोन्ही वेळचे आकडे ताडून बघायचे. नशा करणारे कमी झाले तर केंद्र चालू. कागदावर प्रश्न दोनच. कधी नशेचं काही घेतलंस का? आणि, मदत हवी का? पुढे हो आणि नाही, पेन्सिलीनं खूण करायची. नावं फक्त ताई बघणार, वर नुसता आकडा जाणार, असं तिनं दहा वेळा सांगितलं. मी झाडू घेऊन दारातच होते. मी मनात म्हटलं, ही शिकलेली आहे पण भोळी आहे. सरकारी कागदावरचं नाव कधी खाली राहिलंय का?

कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला. दुपारी ताई जेवायला गेली, मी कपाट उघडलं. बासष्ट कागद होते. नावं मला अक्षरं जुळवत वाचता येतात, आणि हो-नाही वाचता येतं. नातीच्या कागदावर होपुढे खूण होती. मग बाकीचे पाहिले. तिला धरून अकरा निघाले.

वाटलं, उद्या हे शाळेत कळेल, पोलिसात कळेल, अकरा घरांच्या तोंडाला काळं फासलं जाईल. पोरांच्या डब्यातलं खोडरबर घेतलं आणि अकराही कागदांवरची होची खूण खोडून नाहीवर खूण केली. दुसऱ्या प्रश्नाचंही तसंच. जे काही घेतच नाही, त्याला मदत कशाला हवी? एवढी अक्कल चालवली मी. आणि सांगू का, त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

नातीला मात्र दुसऱ्याच दिवशी दंडाला धरून ताईकडे आणलं आणि हळूच तिच्या नशेचं सांगितलं, कागदांचं नाही. लगेच नाही सुटलं तिचं, पडली, पुन्हा उठली. पण सुटलं. कशामुळे? मला कळलं होतं म्हणून. आणि बाकीच्या दहांचं? ते मी कुणाला कळूच दिलं नाही. ज्यांच्या कागदावर हो असेल त्यांना ताई एकेकटं बोलावणार होती. तिला एकही हो सापडलं नाही.

यंदा दुसरे कागद भरायची वेळ आली. केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे सचिव ताईला म्हणाले, पोरांना नाही लिहायला सांगा, कुणाचं काय जातंय? ताई म्हणाली, "मग मी विचारतेच कशाला?" पोरांचा आता तिच्यावर विश्वास बसला होता. चौदा जणांनी खरं लिहिलं. आठ दिवसांपूर्वी खात्याचं पत्र आलं, ताईनं आम्हाला वाचून दाखवलं. सुरुवातीला शून्य, आता चौदा, म्हणजे या केंद्रामुळे नशा वाढली, सबब अनुदान बंद.

साहेब, ते शून्य मी केलंय. मघाशी चहा घेताना तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, आजी, फाइल बंद झाली, आता नवीन अर्ज पुढच्या वर्षी. प्रेमानं म्हणालात, रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं वाटलं असतं.

ताईला परवा सांगितलं. तिनं कोरा कागद ओढला आणि विचारलं, "उरलेले नऊ कोण? आठवतात?" सात आठवले. तेव्हापासून ती घरं शोधत फिरतेय. दोन बिऱ्हाडं गाव सोडून गेलीत. एका घरानं दार लावून घेतलं.

दहांतले नऊच का, ते तुम्हाला ठाऊक आहे. दहावी आपल्या शिवणकामवाल्या बाईंची मुलगी. गेल्या थंडीत बसथांब्यामागच्या शौचालयात सापडली. सतरा वर्षांची होती.

काल दुपारी त्यांच्याकडे गेले. त्या मशीनवर होत्या. मी सगळं सांगितलं तरी मशीन चालूच होतं. मग थांबलं. त्यांनी एकच विचारलं, "मदतीच्या प्रश्नाला काय लिहिलं होतं तिनं?"

मी म्हटलं, हो. दोनदा गिरवलं होतं. खोडायला सगळ्यात जास्त वेळ तिच्याच कागदाला लागला.

त्या म्हणाल्या, "मला तुमची माफी नको, आजी. लोक माझ्या तोंडावर म्हणतात, पोरीला स्वतःलाच वाचायचं नव्हतं. उद्या माईकवर उभ्या राहाल तेव्हा तिनं काय लिहिलं होतं ते सांगा."

त्या दारापाशी उभ्या आहेत, बसायला तयार नाहीत. तर सांगते. तिला वाचायचं होतं. तिनं मदत मागितली होती, हातानं खूण करून, दोनदा गिरवून. जो जो तसं म्हणाला असेल, त्यानं ते आज परत घ्यावं.

अध्यक्षसाहेब, मला बोलू दिलंत, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार आहेत. बोलताना काही मागेपुढे झालं असेल तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. कागदांचं मात्र घालू नका. आणि हारतुरे जरा लवकर आटपा. ताईची गाडी सात वाजता आहे, आणि त्याआधी तिला अजून दोन घरी जायचंय.