जयरामची डावी बाजू

...अहो, दुखायला सगळं अंग पडलंय माणसाला! पण नाही. तुम्हाला सांगतो, आमच्या स्टँडवरच्या जयरामचं दुखायचं ते फक्त डावीकडे. डावा खुबा, त्याच्या खालची मागची बाजू, आणि तिथून मांडीत उतरणारी कळ. आणि उजवीकडे? उजवीकडे काही नाही.

निमाणी स्टँडच्या रांगेत माझी रिक्षा कायम त्याच्या मागे, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय. भाडं सोडून आला की उतरायचा कसा... आधी हात टपाला, मग तोंड वाकडं, मग एक पाय खाली, मग जरा थांबायचं, मग दुसरा. आणि सल्ले देणाऱ्यांना काय तोटा? एक म्हणतो, 'नस दबली.' दुसरा म्हणतो, 'मागच्या खिशातलं पाकीट काढ.' अरे, पाकीट तो शर्टाच्या खिशात ठेवतो! तिसऱ्यानं त्र्यंबकच्या रस्त्याला अंग चोळून देणारा कुणी सांगितला, तर हा तिथंही जाऊन आला. त्या बाबानं असा काही रगडला की घरी येऊन जयराम पालथाच पडला, आणि दुखणं होतं तिथंच. उजवीकडे? उजवीकडे काही नाही.

शेवटी मनीषावहिनी, म्हणजे त्याची बायको, त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, सोबत मी. डॉक्टर विचारतात, 'कुठं दुखतं?' आणि हा म्हणतो, 'कंबर.' आता कंबर कुठं दुखत होती, सांगा मला? पण समोर सिस्टर उभी, दाराशी दोन बायका बसलेल्या, मग चारचौघांत कुल्ला म्हणायचं कसं? हातसुद्धा बेट्यानं चांगला वीतभर वर ठेवला! झालं, काढला कंबरेचा एक्स-रे. डॉक्टर म्हणाले, 'कंबर उत्तम आहे तुमची.' असणारच की, तिची तक्रारच कुठं होती? मग गोळ्या दिल्या, व्यायाम शिकवणाऱ्या एका मॅडमचा पत्ता दिला, आणि जाता जाता म्हणाले, 'यानंही थांबलं नाही, तर रिक्षा सोडावी लागेल.'

येताना रिक्षा मी चालवत होतो, तो मागे वहिनींशेजारी. मागूनच म्हणाला, 'मला दुसरं येतं तरी काय रे?' खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, की एक शब्द तोंडातून काढायची लाज, आणि त्यापायी हातची रिक्षा जायची वेळ.

तर त्या मॅडमकडे गेलो आम्ही तिघं. आमच्या सृष्टीएवढी पोरगी हो, म्हणजे जयरामच्या लेकीएवढी. म्हणाली, 'काका, बसा.' हा बसला. तिनं पुढून पाहिलं, मागे जाऊन पाहिलं.

'काका, नीट बसा.'

'नीटच बसलोय.'

'अहो, अर्धे खुर्चीच्या बाहेर आहात.'

आणि खरंच होतं! उजवा कुल्ला हवेत, सगळा भार डाव्यावर. ती म्हणाली, 'पूर्ण खुर्चीवर बसा ना.' तर हा तिला विचारतो, 'मग कुणी आलं तर?'

आता आमचा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. शेअर रिक्षा, मागची सीट भरली की एक जण पुढं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. चालत नाही ते, पण चालतं. त्याला टेकायला जागा द्यायची तर आपण उजवीकडे सरकायचं. आम्ही सगळेच सरकतो, पण माणूस उतरला की परत मधे येतो. हा आलाच नाही. वहिनी म्हणाल्या, 'घरी सोफ्यावर एकटे असले तरी हे असेच कडेला. मला वाटायचं, बाहेर पळायची घाई. लग्नाच्या फोटोत पूर्ण खुर्चीवर बसलेत हो...' इतकी वर्षं हा माणूस अर्ध्या जागेवर बसत आला, आणि रोज त्याच्या पाठीकडं बघणाऱ्या मलासुद्धा ते दिसलं नाही.

मॅडमनी बजावलं, मधे बसायचं, पुढं कुणाला घ्यायचं नाही. बसला मधोमध, नव्या नवरदेवासारखा अवघडून. आणि कळ कमी व्हायला लागली हो, खरंच! रिक्षा सुटायची भीती गेली, माणूस हसायला लागला.

आणि एका सकाळी कलाबाई आल्या. फुलं विकून मखमलाबादला परत निघालेल्या, काखेत रिकामी पाटी. जयरामची मागची सीट गच्च. माझी रिक्षा रिकामी होती, पण ती भरेस्तोवर म्हातारीला उन्हात थांबावं लागलं असतं, हेही खरं. कलाबाई म्हणाल्या, 'जयराम, सरक की बाबा जरा.' मी मागून ओरडलो, 'जयराम, मॅडमनी काय सांगितलंय?' त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं, पाटीकडं पाहिलं... आणि सरकला. पण डावीकडे! कलाबाईंना बसवलं उजव्या हाताला. वर मलाच सांगतो, 'डावीला आराम द्यायचाय ना?'

तेव्हापासून जाताना एक बाजू, येताना दुसरी. परवा चहा पिताना विचारलं, 'काय रे, कसं आहे आता?'

तर म्हणाला, 'दोन्हीकडं सारखं दुखतं.' आणि इतक्या निवांतपणे म्हणाला, 'हे आता वयाचं. ह्याला औषध नसतं.'