कॅथरिनने दिलेला शब्द

(सन १९९६, मे महिना. नंदाखालमधल्या केळीच्या वाडीतलं घर. सेमिनरीतून सुट्टीवर आलेला ॲन्सेल्म, त्याची विधवा आई कॅथरिन आणि तिची थोरली जाऊ मार्था.)

कॅथरिन : परत सांग. मार्थाबायलाही ऐकू दे.

ॲन्सेल्म : सोमवारी मी सेमिनरीत परत जाणार नाही. डिसेंबरात फादर होणार नाही.

मार्था : ऐकलं. केळीपलीकडच्यांनीही ऐकलं असेल.

कॅथरिन : कोण आहे ती?

ॲन्सेल्म : कोणी नाही, आय. असती तर तुला समजावणं सोपं गेलं असतं.

कॅथरिन : तीन वर्षांचा होतास, बावखलात बुडालास. तुझ्या बापाने पाण्यातून वर काढलं तेव्हा अंग निळं पडलं होतं. तिथेच काठावर चिखलात बसून मी देवाला शब्द दिला, याला वाचव, तुझ्याच सेवेला देईन. त्याने वाचवलं. आता आपण शब्द मोडायचा?

ॲन्सेल्म : रोझरी झाली की तू रोज माझ्यासाठी एक नमो मरिया जास्तीची म्हणतेस. मीही म्हणायचो. तू मागायचीस, हा फादर होऊ दे. मी मागायचो, मलाही ते हवंसं वाटू दे. नऊ वर्षं मागितलं.

कॅथरिन : मग?

ॲन्सेल्म : नाही वाटलं. चॅपलमध्ये गुडघे टेकले की कोणी हाक मारल्यासारखं व्हायचं. नीट कान दिला की तुझाच आवाज.

कॅथरिन : मार्थाबाय, तुम्ही तरी सांगा याला.

मार्था : मी काय सांगू? तीस वर्षं देवळात तुझ्या शेजारी बसते. 'तुझी इच्छा पूर्ण होवो' हे तू फार घाईत म्हणतेस, कॅथरिन.

कॅथरिन : मी स्वतःसाठी काय मागितलं? एकुलता एक मुलगा देऊन टाकला.

मार्था : दिलास. आणि कुठे ठेवायचा, तेही देवाला बजावून दिलंस.

कॅथरिन : पाटल्या मोडून, फादर झाल्यावर हा वेदीवर जी पहिली मिस्सा करणार तिच्यासाठी चषक घडवला. गावभर दाखवला. आता कुठल्या तोंडाने बाहेर पडू?

मार्था : हं. म्हणजे दुखतं ते इथे.

कॅथरिन : टोमणे नका मारू, बाय.

मार्था : तुला एकटीला कुठे मारते? फादरची काकी म्हणून मलाही मिरवायचं होतं. साडीसुद्धा हेरून ठेवली होती.

ॲन्सेल्म : आय, तू म्हणालीस तर सोमवारी जातो. दीक्षाही घेतो. फक्त एवढं सांग, ही देवाचीच इच्छा आहे, अशी तुझी खात्री आहे?

कॅथरिन : हे काय विचारणं झालं?

ॲन्सेल्म : एवढंच विचारतोय.

मार्था : सांग की. तुझ्याइतकं देवाशी कोण बोलतं या घरात?

कॅथरिन : मीच बोलते, बाय. तो काय म्हणतो ते ऐकायला कधी थांबले नाही... पाचूबंदरचा तो कोळ्यांचा जोकीम, त्याचीही दीक्षा डिसेंबरातच ना?

मार्था : हो. बापाची होडी बुडाल्यापासून घरात ओढगस्त आहे.

कॅथरिन : मग चषक त्याला द्या. तुम्हीच जाऊन द्या. माझ्याने नेववणार नाही.

(दहा वर्षांनंतर. त्याच घरात कॅथरिन आणि मार्थाची लेक रिटा.)

रिटा : आई गेल्यापासून इकडे येणंच होत नाही, काकी.

कॅथरिन : सात वर्षं झाली तिला. शेवटच्या दुखण्यात प्रार्थना करून कपाळाला पवित्र तेल लावायला जोकीमच आला होता. आता तलासरीकडे असतो, फादर जोकीम.

रिटा : आणि ॲन्सेल्म?

कॅथरिन : वटारच्या शाळेत गणित शिकवतो. सुट्टीच्या दिवशी वाडी बघतो. मला आता दिसत नाही, तर भात कुठे, कालवण कुठे, हे ताट पुढे ठेवून सांगतो.

रिटा : लग्नाचं काही?

कॅथरिन : सदतिसावं लागलंय त्याला.

रिटा : तुम्ही विषय काढत नाही?

कॅथरिन : जीभ शिवशिवते ग. पण सून मला हवी आहे की त्याचं लग्न देवाला हवंय, हे अजून नीट कळत नाही. म्हणून गप्प बसते.