दुसरं कडवं

कानाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायला अवकाश होता. समोरच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. त्यांची आई आत कान तपासून घेत होती.

"गाण्याच्या कंपनीच्या करारावर सही केलीस का मग?"

"नाही ना, ताई. रॅप आवडलंय त्यांना. फक्त दुसरं कडवं काढायचं म्हणतात."

"आईचं?"

"तेच. कारखान्यातले माग, त्यांचा खडखडाट, तिचे कान गेले ते सगळं. त्या जागी प्रेमाचं काहीतरी लिहून देणारा माणूससुद्धा शोधून ठेवलाय त्यांनी."

"अगं, एकदा बाहेर तर पडू दे गाणं. नाव झालं की कर तुला हवं ते."

"नाव झालं की जास्तच कात्री चालवतील."

"सात वर्षं घासते आहेस तू यासाठी. हातचं घालवू नकोस."

"माझं मी रेकॉर्ड करीन. दहा जणांनी ऐकलं तरी चालेल, पण ते कडवं राहणार."

"आईला सांगितलंस?"

"तिच्या डोक्याला कशाला ताप?"

तेवढ्यात आई कागद घेऊन बाहेर आली.

"डावा कान कामातून गेलाय म्हणाले. उजव्याला मशीन लावू. तुमचं काय चाललंय?"

"आई, कंपनी हिला म्हणते तुझं कडवं काढ," ताईनं सांगून टाकलं.

"काय काढ?"

"तुझं कडवं!"

साऱ्या बाकांनी माना वर केल्या.

"मग तू काय म्हणालीस त्यांना?"

"अजून काहीच नाही."

"मग लाव की फोन इथूनच. आणि मोठ्यानं नाही म्हण, मला ऐकू आलं पाहिजे."