पहिलं ‘नको’

हॅलो? … हॅलो, अक्का? … हो, मीच. माझा फोन दुसरं कोण उचलणार … हळू बोलतोय, कारण या घराच्या भिंती पातळ आहेत. खाली नळवाल्यांनी खुर्ची सरकवली तरी वर कळतं … अगं नळवाले म्हणजे घरमालक. नळदुरुस्तीचं काम करतात ते. सांगितलं होतं ना मागे.

तू झोपली होतीस का? … बरं, डुलकी म्हणजे झोप नाही.

नाही, आवाज ठीक आहे माझा … रडेन कशाला … सर्दी झालीय. अक्का, ऐक ना. आधी ऐकून घे. उद्यापासून मी या घरात नाही.

म्हणजे वसतिगृहात पाठवताहेत मला … भांडण कसलं? मला भांडता येतं का? … जेवणावरून.

अगं चांगलं असतं जेवण. सूप, पाव, उकडलेले बटाटे, एखादं अंडं. आपल्या तोंडाला पचपचीत लागतं, पण गरम असतं … तेच सांगतोय. घरमालकीण बाई विचारतात, आणखी वाढू? मी म्हणतो, नको. आणि त्या भांडं उचलून नेतात.

… हो. पहिल्याच ‘नको’ला.

हस. हस तू. आईनं काय शिकवलं आपल्याला? दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की पुरे म्हणायचं. तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा … हां, बोटं फाकवून. वाढणारीला मधून दिसलं पाहिजे जागा आहे म्हणून. तर इथे दुसऱ्यांदा कुणी विचारतच नाही. माझा हात आडवा होईपर्यंत भांडं ओट्यावर पोचलेलं असतं.

कधीपासून म्हणजे? आल्यापासून … हो, अर्धपोटी. … सांगू कसं? बाई, मी नको म्हणालो ते हो होतं, असं सांगू? त्यांची भाषा मला कितीशी येते. दुकानात अंडी मागायची तर मनात वाक्य जुळवत बसतो, तोवर मागचा माणूस पुढे गेलेला असतो.

मग काय, बिस्किटं. शिकतो त्या संस्थेतून येताना घ्यायचो. पलंगावर बसून, मांडीवर टॉवेल पसरून खायचो, चुरा सांडू नये म्हणून. रिकामे पुडे कपाटात, स्वेटरांच्या मागे … टाकायला नेताना कुणी पाहिलं तर? म्हणून साठवले … मुंग्या नाही गं आल्या. बाईच आल्या. जादा रजई ठेवायला त्यांनी कपाट उघडलं, आणि सगळे पुडे त्यांच्या पायावर.

हो, मूर्खच आहे मी. साठी उलटल्यावर परदेशी जाऊन जुनी पुस्तकं दुरुस्त करायला शिकणार म्हणालो, तेव्हाच तू म्हातारचळ म्हणाली होतीस. जन्मभर ग्रंथालयात बसून पुस्तकं दिली-घेतली तेवढं पुरे होतं … नाही, तसं नाही. काम आवडतं. पण मला जमतंय की सगळे सांभाळून घेताहेत, ते कळत नाही. वर्गातली मुलं माझ्याशी जपून बोलतात. कागद फाटेल अशी भीती वाटावी तशी.

बाई? काही बोलल्या नाहीत. तेच तर. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. पुडे उचलून खाली घेऊन गेल्या. त्यांना वाटलं, याला माझ्या हातचं आवडत नाही, लपूनछपून खातो. संस्थेत आमच्या राहण्याची व्यवस्था बघणाऱ्या दुसऱ्या बाई आहेत, त्यांना कळवलं यांनी. आज मला बोलावलं होतं. दुसरीकडे राहायला आवडेल का, म्हणाल्या.

मी काय म्हणालो? … तुला माहीत आहे मी काय म्हणालो असेन … हो. ‘जशी तुमची सोय.’ … त्यांनी माझ्यासमोरच वसतिगृहाला फोन लावला.

… थांब, थांब. परत ये, परत ये, हे तू दर खेपेला म्हणतेस. आधी …

वाईट काही नाही तिथे. खोली हिच्यापेक्षा मोठी आहे. शेगडी ज्याची त्याची. पण लांब बोळ आहे एक, आणि सगळी दारं लावलेली. इथे निदान टेबलाशी चार माणसांसारखं बसणं होतं. नळवाले पावाचा पहिला तुकडा माझ्या बशीत ठेवतात. कुणाकडे काय तुंबलं होतं ते रंगवून सांगतात. मला निम्मं कळतं. हसायचं कधी, ते बाईंच्या तोंडाकडे बघून ठरवतो. दिवसभरात माझ्याशी तेवढंच बोलणं होतं, अक्का. कार्यशाळेत खळ, कुंचला आणि खाली घातलेल्या माना.

… बायकोचं कशाला काढतेस आता? … हो. ती विचारायचीच नाही. वाढायची. … आणि ती गेल्यावर तू. तूही कधी विचारलं नाहीस. मागायला शिकणार कुठे मी?

अक्का, तू जेवलीस का आज? … काय केलं होतंस? … कालचा भात. आणि काल? … बरं, नाही विचारत.

माहीत आहे गं. एकटीसाठी कोण गॅस पेटवणार … असं बोलू नकोस. घर खायला उठतं म्हणे. इथलंही काही वेगळं …

थांब, दार वाजतंय. बाई आहेत. ठेवू नकोस हं फोन.

… या ना … बॅग? नाही, भरली नाही अजून … बाई, जरा थांबता? मी वाक्य जुळवतोय … मला तुमचं जेवण आवडतं. मला भूक … जास्त भूक लागते. मागायची लाज वाटते … बिस्किटं भुकेनं खाल्ली. रागानं नाही … नको … नाही, नाही, नको नव्हे. हो. मला राहायचंय. इथेच, तुमच्याकडे … हो, जेवायचंय. आत्ताच … आलो.

हॅलो, अक्का? … गेल्या खाली … हसल्या नाहीत. मान हलवली, म्हणाल्या, मीच फोन करते संस्थेत. सूप गार होतंय.

तुला कसं कळणार, त्यांच्या भाषेत बोललो … काय म्हणजे … म्हटलं, मला इथेच राहायचंय. अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत.

… नाही, अक्का … नाही. सुट्टीतही नाही येणार … पुन्हा नको ना विचारूस. तू विचारत राहशील आणि मी शेवटी हो म्हणेन, असंच होत आलंय आपलं. या वेळचं ‘नाही’ तोंडदेखलं नाही गं.

… अक्का? … ऐकतेस ना? … रागाव हवं तर. पण बोल काहीतरी.

… हो, जातो जेवायला. पण तू ऊठ आधी. काहीतरी गरम कर स्वतःपुरतं. मी आहे फोनवर … थांबले तर थांबू देत खाली … नको म्हणजे काय नको? मला काय कळत नाही का? ऊठ ना … अक्का?

हॅलो? … अक्का? … हॅलो? … ठेवला फोन.

… हो. हो बाई, आलो खाली.