वर पाठवलं

रोझी आंटी, फादर, निर्मळच्या मंडळींनो, आणि माझ्या कॅज्युअल्टीतल्या सोबत्यांनो,

मी संदेश. मनवेलपाड्याला राहतो. इमर्जन्सीचं काम मी इनास सरांच्या हाताखाली शिकलो. मला सगळे म्हणाले, दोन शब्द बोल. मंडळी, मला भीती दोन शब्दांचीच आहे. दोन शब्दांनीच सरांचा डावा डोळा गेला.

ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पण अर्धीच माहीत आहे. म्हणून उभा राहिलो.

कोविडची दुसरी लाट होती. भरदुपार. आमची कॅज्युअल्टी तळमजल्यावर, आयसीयू दुसऱ्या मजल्यावर. चिंचोटीकडचे एक काका सकाळीच धापा टाकत आले होते. सरांनी त्यांच्या घशात नळी घातली, त्यांचा श्वास चालू ठेवला आणि बेड मिळाल्याबरोबर त्यांना आयसीयूत हलवलं. मुलगा सकाळपासून दाराबाहेर उभा होता. त्याने विचारलं, "माझा बाप कुठं हाय?"

आतून उत्तर गेलं, "त्यांना वर पाठवलं."

आयसीयू वर होतं, म्हणून वर. दिवसभर आम्ही हेच म्हणायचो. पाणी वर पाठव, सिलिंडर वर पाठव, पेशंट वर पाठव. दाराबाहेरच्या माणसाला 'वर' म्हणजे एकच जागा, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि 'पाठवलं' म्हणजे पाठवणारे कोण? आम्हीच ना?

त्याने दार लाथेने उघडलं. मागून त्याची माणसं आली. काच फुटली. सलाईनचे स्टँड आडवे झाले. आमच्या सिस्टरला त्यांनी केसाला धरून भिंतीवर आपटलं. सिलिंडर उघडायचा लोखंडी पाना तिथेच टेबलावर होता. तो मुलाने उचलला आणि फिरवला. सरांच्या तोंडावरची प्लॅस्टिकची ढाल तुटली आणि पाना डोळ्यात बसला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. ओला आवाज होता. सर पडले, तरी लाथा थांबल्या नाहीत. बरगडीत, पाठीत, तोंडावर. अंगावरचा पांढरा पीपीई किट लाल झाला.

आणि खाली पडलेले सर काय ओरडत होते? "संदेश, त्या आजींची नळी निघालीय, आधी ती बघ!" पलीकडच्या बेडवरच्या आजींचा ऑक्सिजन त्या झटापटीत सुटला होता. मी रांगत गेलो. नळी लावली. आजी जगल्या.

काकाही जगले. ते वर जिवंतच होते. पुढे स्वतःच्या पायांनी घरी गेले. मुलगा सरांच्या पाया पडायला आला. सर म्हणाले, वाक्य आमचं चुकलं. सरांनी त्याला माफ केलं. मी केलेलं नाही. वाक्य चुकलं म्हणून माणसाचा डोळा फोडायचा? ज्याने बाप वाचवला, त्यालाच तुडवायचं? ऊठसूट डॉक्टरवर हात टाकणाऱ्यांचा मला आजही संताप येतो, आणि इथे चर्चच्या हॉलमध्ये उभं राहूनही तो कमी होत नाही.

एका डोळ्याने सरांना पुढे नळी घालता येईना. अंतर चुकायचं. मग त्यांनी आम्हाला बोलायला शिकवायला घेतलं. रोज सकाळी, रुग्णवाहिकांच्या शेडखाली. सर नातेवाईक व्हायचे. आमची कॉलर धरायचे, "बोल, माझा बाप कुठंय?"

आम्ही म्हणायचो, ते आपल्यात नाहीत.

"मग कुठे आहेत? एक्स-रेला?"

आम्ही म्हणायचो, ते गेले.

"कुठे गेले? कुणाबरोबर?"

आम्हाला हसू यायचं. सरांना यायचं नाही. त्यांचा नियम सरळ होता. जिवंत असेल तर मजला सांगा, बेड सांगा. नसेल तर 'मृत्यू झाला' म्हणा. आणि बोलून झालं की पळायचं नाही. मार पडला तरी दोन मिनिटं माणसासमोर उभं राहायचं, गप्प.

रोझी आंटी, आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही सरांना चिडवायचात ना, तुमची जीभच तुम्हाला नडली म्हणून? सर नुसते हसायचे. पोलिसांनाही त्यांनी तेच लिहून दिलं, "ते वाक्य मी, डॉक्टर इनास, बोललो."

आंटी, ते वाक्य सरांचं नव्हतं. माझं होतं. किटमध्ये सगळे सारखेच दिसतात, आवाजही गुदमरलेला. पाना माझ्यावर उगारला होता. सर मध्ये आले. नंतर डोळ्यावर पट्टी असतानाच मला म्हणाले, "तू अजून शिकतोयस. गप्प बस." मी गप्प बसलो. त्यांनी सांगितलं म्हणून नाही. मी घाबरलो होतो म्हणून. सरांबरोबर तुमच्या घरी किती वेळा जेवलो, तुम्ही मला वाढत होतात, आणि माझ्या तोंडून ते निघालं नाही. मला लाज वाटते.

सर, एवढी तालीम राहिली होती. आज घ्या.

मंडळी, आपले डॉक्टर इनास यांचा मृत्यू झाला आहे.

मी पळत नाही, आंटी. दोन मिनिटं तुमच्यासमोर उभा आहे. तुम्हीही सगळे उभे राहा. गप्प.