बसथांब्यावरचं हळदीकुंकू

आदरणीय अध्यक्ष दत्तप्रसादकाका, व्यासपीठावरील मान्यवर, मंडळातल्या सर्व काकू-मावश्या, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आपल्या सुनेत्राकाकू, सर्वांना नमस्कार.

काकू परवा कायमच्या पुण्याला जाणार. मी त्यांची एकच गोष्ट सांगणार आहे. ती माझ्या भावाची, अथर्वची आहे. त्याची परवानगी घेतली आहे, दोनदा.

२००१ साली अथर्व आणि इथल्या अल नहदा वस्तीतली आपली काही मराठी मुलं मनगटाला निळा रुमाल बांधू लागली. आम्हाला वाटलं, फॅशन. काकूंनी लिफ्टमध्ये तो रुमाल पाहिला आणि तडक आमच्या घरी आल्या.

इथे येण्याआधी, काकूंचे यजमान कॅलिफोर्नियात नोकरीला असताना काकू तिथल्या शाळेत मदतनीस होत्या. कंबोडियातून युद्धामुळे परागंदा झालेल्या घरांतली मुलं तिथे शिकायची.

"त्यांनाही आधी इतरांचा मारच बसायचा हो," काकू आईला म्हणाल्या. "आईबाप दिवसरात्र कामावर, आणि जे भोगलं त्याबद्दल गप्प. मुलं जीव वाचवायला एकत्र आली. मग रुमाल, मग टोळीचं नाव, मग पिस्तूल. घरं कामासाठी दुसऱ्या गावी गेली, तिथेही पोरांनी तेच नाव नेलं. माझ्या वर्गातला एक मुलगा त्यात जीवानिशी गेला."

अथर्वला विचारलं. स्कूलबसमधून उतरल्यावर मोठी मुलं रोज मारत होती. दप्तरात सायकलची साखळी निघाली. बाबा पांढरे पडले. "पोलिसात नाव गेलं की सगळ्यांचा व्हिसा खलास!"

तुम्ही काय केलं असतं? काकू म्हणाल्या, "संक्रांत आहे. हळदीकुंकू करू. बसथांब्यावर."

भर दुपारी जरीच्या साड्या नेसून आपल्या बायका उभ्या! बस आली. मारणाऱ्यांचा म्होरक्या उतरला, तसं काकूंनी त्याला अडवलं.

"यल्ला, चलो, हाथ आगे करो."

"व्हॉट इज धिस, आंटी?"

"तिळगूळ. खाओ, और बताओ, मम्मी का नाम क्या है?"

"सुरैय्या," तो पुटपुटला.

"कल उनको भी लेके आना."

आणि सुरैय्याबाई आल्या! तेव्हापासून थांब्यावर रोज दोघीजणी असतात, एक आपल्यातली, एक त्यांच्यातली. मार थांबला. निळ्या रुमालाने आई मिक्सर पुसते. अथर्व आज मागे तुम्हाला चहा देतोय, कृपया सगळ्यांनी एकदम वळून बघू नका.

काकू, थांब्यावरचा तुमच्या पाळीचा मंगळवार रिकामा राहणार, ही काळजी तुम्ही काल आईजवळ बोललात. तो मी घेतला आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. माझं मराठी आईने पोळ्या लाटता लाटता शिकवलेलं. कुठे शब्द चुकला, कुणाला मान द्यायचा राहिला असेल, तर पोटात घाला.