बन्सीकाकांचा कापूस

सुप्याच्या फाट्यावर नगरच्या एसटीची वाट बघणाऱ्या भागिरथीबाईंना कान देऊन ऐकायची गरजच नव्हती. शेजारचे कारखान्यातले दोघे असे बोलत होते, की सगळा फाटा ऐकत होता.

"बन्सीकाका, कंपनीनं कानात घालायला दोन जातीची बुचं ठेवलीत. रबराचं घेऊ का फोमचं?"

"मोठ्यानं बोल की, महेंद्र."

"बूच कोन्तं घेऊ? पत्रा ठोकायच्या प्रेसचा लई दणका हाय."

"दोनी ऱ्हाऊ दे. बारा वर्सं मी त्याच प्रेसवर हाय. खोबरेलात भिजवलेला कापूस घाल."

"त्यानं आवाज थांबतो?"

"पयली दोन-तीन वर्सं थोडा यायचा. आता काईच येत न्हाई."

"अन् सायब वरडला तर?"

"त्यो बी येत न्हाई."

"मग आत्ता तरी काढा की कापूस."

"आज सुट्टी हाय. कापूस घरीच हाय. पन गुन असा, की काढला तरी उतरत न्हाई."

मागून एसटीनं दोनदा हॉर्न दिला. महेंद्रनं काकांना दंडाला धरून बाजूला ओढलं.

काकांनी वळून एसटीकडं बघितलं आणि छाती फुगवली.

"बघ. एवढी मोठी गाडी आली, आवाज झाला का?"